बाण काढायचा राहिला

आज बाबांच्या टपालात घडी घातलेला मोठा कागद निघाला. मनालीला राहणारे सुधाकरकाका, बाबांसारखेच भूगर्भशास्त्रज्ञ, त्यांना अजून पत्रंच लिहितात. या वेळी त्यांनी खडकावर कागद धरून पेन्सिल घासली होती, आपण लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. सरकत्या हिमनदीने खडकावर ओढलेले ओरखडे कागदावर उमटले होते. एवढा जड बर्फ वितळून गेला आणि त्याची चाल तेवढी मागे राहिली, याचंच मला नवल वाटत होतं.

"गाढवाने दिशेचा बाणच काढला नाही!" बाबा कडाडले. "बर्फ कुठून कुठे गेला, कसं कळायचं?"

मग लिहायला बसले, "बाण विसरलास. आता दोघं जाऊन काढू."

बाबा ऐंशीचे, गुडघे कुरकुरणारे. पण हजारो वर्षं थांबलेला खडक उन्हाळ्यापर्यंत सहज थांबेल.

पाकीट चिकटवताना त्यांनी विचारलं, "माझे डोंगरातले बूट कुठे आहेत गं?"