गव्हाला टेन्शन

शेतावरच्या प्रयोगातून आकडे यायला वेळ लागतो, किस्से मात्र रोज उगवतात. त्यांना खत नको, पाणी नको! पुणतांब्याजवळ तात्यांच्या रानात आमचा ओझोनचा प्रयोग चालू होता. प्रयोगाच्या प्रमुख मॅडम, त्यांच्या हाताखाली मी, आणि रानाचे मालक तात्या व काकू, एवढाच आमचा गोतावळा. पण चहाला बसलो की हसून पोट दुखायचं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी पारावर चार माणसं जमवली आणि समजावलं, "वर आकाशात ओझोन असतो, तो चांगला. उन्हातले घातक किरण अडवतो. तिथे तो विरळ झालाय. इथे खाली मात्र गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की नवा ओझोन तयार होतो, आणि तो पिकाला वाईट."

तात्यांनी टोपी सारखी केली. "म्हंजे वर कमी पडतोय, अन् खाली जास्ती झालाय?"

"अगदी बरोबर!"

"मग हितला वर न्या की! टेम्पो आपला हाय!"

*

मग मॅडमनी पानाकडे मोर्चा वळवला. पानाला बारीक छिद्रं असतात, त्यातून ओझोन आत शिरतो आणि पेशींची जाळपोळ सुरू करतो. झाड वाढायचं सोडून ती आग विझवत बसतं. सगळी ताकद तिकडेच खर्च, दाणा बारीक राहतो. "याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात."

"स्ट्रेस म्हणजे ताण," मी आपलं मराठी करून दिलं.

काकू म्हणाल्या, "टेन्शन म्हना की सरळ!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून जो भेटेल तो विचारायचा, "काय म्याडम, गव्हाचं टेन्शन कमी झालं का?" एकाने तर सांगितलं, "आमच्याबी गव्हाला हाय, पन त्यो बोलून दाखवत न्हाई!"

*

तात्यांच्या स्वतःच्या, प्रयोगाबाहेरच्या गव्हावरही ओझोनचे तपकिरी ठिपके आले. ते पान घेऊन तात्या औषधांच्या दुकानात गेले. मी सोबत होते. दुकानदाराने पान बघितलं न बघितलं, तीन बाटल्या पुढे ठेवल्या.

तात्यांनी पान उलटंपालटं केलं. "अहो, पन कीड कुटंय?"

"तात्या, दिसत न्हाई हीच तर तिची हुशारी!"

तात्यांनी बाटल्या परत सरकवल्या. "मग बिलबी तिच्याच नावानं फाडा. सापडली की घिवून जाईल!"

*

काकूंचे भाऊ पुण्याहून आले होते. भर दुपारी बांधावर उभे राहून, हात पसरून खोल श्वास घेत होते. "वा! अशी हवा आमच्याकडे मिळत नाही!"

मी ओझोन मोजायचं मशीन बघितलं. ओझोन दिवसभरातला सगळ्यात जास्त! हळूच सांगितलं, तर गड्याला पटेना. "इथे? धूर कुठाय इथे?"

मॅडम म्हणाल्या, "शहरातून निघतो, वाऱ्यावर येतो, वाटेत ऊन खातो आणि इथे ओझोन होऊन उतरतो."

तात्या मेव्हण्याकडे वळले. "बगा पाव्हनं, तुमी सनासुदीला येता. तुमचा धूर मात्र रोज मुक्कामाला हाय!"

*

प्रयोगासाठी आम्ही गोल, प्लास्टिकच्या, बिनछपराच्या खोल्या उभारल्या होत्या. आत गहू. काही खोल्यांत गाळलेली हवा, काहींत साधी, काहींत जादा ओझोन. तेवढ्यात तात्यांच्या पुतण्याला बघायला नेवाशाकडचे पाहुणे आले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "छप्पर ऱ्हायलं का टाकायचं?"

तात्या म्हणाले, "न्हाई, हितं गव्हाला हवा गाळून देतो आमी."

पाहुणे बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, "गव्हाला इतकं जपत्यात, मंग पोरीला किती जपतील!" तिथल्या तिथे सुपारी फुटली.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सूनबाई म्हणाली, "मामंजी, चुलीपाशीबी एक फिल्टर बसवा की!" तात्या टोपी सारखी करत थेट गोठ्याकडे निघाले.

*

आणि ती शेळी! काकूंनी घोडेगावच्या बाजारातून नवी आणली होती. काढणी तोंडावर आलेली, आणि सकाळी आम्ही पोचलो तर दावं तुटलेलं, दोन खोल्यांचं प्लास्टिक फाटलेलं. ओझोनच्या खोलीत शिरून शेळीबाईंनी गव्हाच्या एका ताटाला तोंड लावलं होतं आणि बाकी सगळं तसंच सोडलं होतं. शेजारची गाळलेल्या हवेची खोली मात्र ओंबीसकट साफ! मधोमध बसून निवांत रवंथ चाललेला.

मॅडम बांधावरच बसल्या. हंगामभराची मेहनत! डोळ्यांत पाणी. काकू शेळीला शिव्या घालत होत्या, मी पळत जाऊन बाकीच्या खोल्या बघून आले. गाळलेल्या हवेच्या आणखी खोल्या होत्या, त्या शाबूत होत्या. ते ऐकून मॅडमच्या जिवात जीव आला.

तात्या एवढा वेळ दोन्ही खोल्यांकडे आळीपाळीनं बघत होते. म्हणाले, "म्याडम, रडता कशाला? निकाल लागला की! चांगल्या हवेचा गहू कंचा, ते तिनं सांगितलं."

मॅडमनी डोळे पुसले. त्या शेवटी शास्त्रज्ञच. "तात्या, एका शेळीवरून निष्कर्ष काढता येत नाही."

तात्यांनी गोठ्याकडे बघितलं.

"मग दुसरी सोडू का?"