सांगलीची गोलकीपर, तिबेटची जर्सी

गेल्या रविवारी मी तिबेटकडून फुटबॉल खेळले. हसू नका, जर्सीतला फोटो आहे माझ्याकडे...

आमच्या सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमध्ये दरवर्षी एक छोटी स्पर्धा होते. पाच-पाच जणांच्या टीम, बायका-पुरुष एकत्र, आणि ज्याने त्याने आपापल्या देशाच्या नावाने उतरायचं. माणसं कमी पडली तर दोन पाहुणे घेता येतात.

नितीनच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या लॅबमध्ये तेन्झिन नावाचा तिबेटी पोस्टडॉक आहे. जन्म कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतला, आणि मराठी आपल्यासारखं बोलतो... कारण त्याच्या आईने वर्षानुवर्षं हिवाळ्यात आमच्या सांगलीत स्वेटर विकलेत. यंदा त्याने ठरवलं, आपण तिबेट म्हणून उतरायचं.

सिंगापूरभर फोन करून त्याला दोघं मिळाली. यांगचेन नावाची एक नर्स आणि तिचा नवरा. उरलेल्या दोन जागा नितीनच्या आणि माझ्या गळ्यात पडल्या. मी शाळेत हँडबॉल खेळायचे, तेवढ्या भांडवलावर मला गोलमध्ये उभं केलं.

जर्सी त्याच्या आईने पाठवल्या. तिने हौसेने लुधियानाच्या आपल्या नेहमीच्या स्वेटरवाल्याकडूनच करून घेतल्या होत्या. त्यामुळे रंग सुरेख, छातीवर ठसठशीत ‘तिबेट’ हे नाव... आणि कापड हिवाळ्याचं. फुल बाह्या, आतून लोकर. सिंगापूरच्या उकाड्यात मी ती अंगात घातली आणि मला माझे पूर्वज दिसायला लागले.

स्पर्धा चालवणारे अंकल इथलेच, चिनी वंशाचे, रिटायर्ड शिक्षक. मैदानावर पोचलो तर बोर्डावर आमच्या टीमचं नाव लिहिलेलं, ‘मिक्स्ड’. तेन्झिनने हळूच विचारलं, तर अंकल इथल्या लाडक्या ‘लाह’सकट म्हणाले, “कंट्री ओन्ली, लाह. लेटर पीपल कम्प्लेन.” म्हणजे फक्त देशांचीच नावं, नाहीतर मागून लोक तक्रार करतात. त्यांचंही बरोबर असेल, पण माझं डोकं सटकलं. मी भांडायला पुढे झाले तर नितीनने दंड धरून मागे ओढलं. तेन्झिन खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिला. ती आधीच बांधलेली होती.

मग त्याने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या गोलपोस्टमागे बॅगेला टेकवून ठेवला. पलीकडे मुंडगोडला त्याची आई आणि तिच्या घरात मावेल तेवढी गल्ली.

मी वाकून नमस्कार केला. म्हटलं, मावशी, मी सांगलीची. त्या एकदम खूश झाल्या आणि पहिलंच वाक्य म्हणाल्या, “ताई, तुमच्या सांगलीत सगळे आम्हाला नेपाळी म्हणायचे. सांगून सांगून दमले मी.” मग म्हणाल्या, “मला इंग्लिश येत नाही. पण आज माईकवर आमचं नाव घेतील ना, तेवढं कळेल मला.”

आता बोर्डावर काय लिहिलंय ते यांना कोण सांगणार? मी गुपचूप गोलमध्ये जाऊन उभी राहिले.

समोर मलेशियाची टीम होती, सगळे पंचविशीतले. हाफटाइमपर्यंत पाच गोल झाले आणि पाचही माझ्यावर. मागून मावशींचं चालूच होतं, “डावीकडे, ताई... अहो, डावीकडे...” आणि माईकवर दर वेळी ‘मिक्स्ड टीम’.

हाफटाइमला अंकल पाणी घेऊन आले. आमचे चेहरे बघून घाबरले बिचारे. “अय्यो, व्हाय यू ऑल वेअर विंटर जॅकेट? टेक ऑफ, लाह!” त्यांच्याकडे स्पर्धेचे बिनबाह्यांचे पातळ टीशर्ट होते, ते त्यांनी आमच्यापुढे धरले.

मी खरंच हात पुढे केला होता, खोटं कशाला सांगू... तेवढ्यात यांगचेनकडे नजर गेली. घामाने निथळत होती, पण मान हलवून नाही म्हणाली. तिचा नवराही नाही म्हणाला. मग मीही हात मागे घेतला.

अंकलना काही कळेना. तेन्झिनने नुसतं फोनकडे बोट दाखवलं, म्हणाला, “माय मदर गॉट दीज मेड.” अंकल वाकले. स्क्रीनवर मावशींनी घाईघाईने केस सारखे केले आणि दोन्ही हात जोडले. अंकलनी त्यांच्याकडे बघितलं, मग आमच्या छातीवरचं नाव वाचलं... आणि टीशर्ट उचलून निघून गेले.

सेकंड हाफमध्ये बाजू बदलली, फोनही माझ्यामागे आला, आणि आणखी दोन गोल खाल्ले. आणि अगदी शेवटी, देवाला ठाऊक कसा, नितीनचा चुकलेला पास यांगचेनला मिळाला आणि तिने बॉल सरळ जाळ्यात मारला.

क्षणभर माईक नुसता खरखरला. मग अंकलचा आवाज आला, हळू, एकेक अक्षर वाचल्यासारखा. “गोल... फॉर... टि-बे-ट.”

माझ्या पाठीमागे फोनमधून असा गलका उठला की शेजारच्या मैदानावरचे लोक वळून बघायला लागले. तेन्झिन मैदानाच्या मधोमध उभा होता, जर्सीच्या लोकरीच्या बाहीने तोंड पुसत. घाम नव्हता तो. आणि मी, सांगलीच्या देशपांड्यांची सून, सात गोल खाऊन मान ताठ करून उभी होते. इतका अभिमान मला स्वतःच्या प्रमोशनलाही वाटला नव्हता.

मॅच हरलोच. जाताना बोर्डाकडे बघितलं तर ‘मिक्स्ड’वर रेघ होती आणि खाली मार्करने नवीन नाव.

फोन उचलून मी मावशींना म्हटलं, सॉरी, सात गोल गेले. त्या रडत होत्या की हसत होत्या, कळत नव्हतं. म्हणाल्या, “जाऊ दे गं. नाव बरोबर घेतलं त्यांनी.”

जर्सी धुऊन वाळत घातलीय. दोन दिवस झाले, लोकर अजून ओलीच आहे... पण पुढच्या वर्षी मी हीच घालणार.