घर नंबर सत्तेचाळीस

नाय गो समीक्षा, ‘भिकारीण’ नको लिवू. खोड ते आदी. साळूबायनं कुणाफुडं हात पसरलेला मी कंदी बगितला नाय. आन माज्या तोंडून तू भलतं लिवलंस ना, तर ती स्टँडावरनं उठून हितं येईल नि माज्या झिंज्या धरील. हां, खोडलंस? आता लिव.

साळूबाय म्हंजे महाडच्या एसटी स्टँडाभायेर शिकेकाय, हिरडा, आमसुलं मांडून बसते ती. पावसात टाकळा नि कुर्डूची रानभाजी. गाव तिचं कुडपणाच्या खालच्या अंगाला, डोंगरातली वाडी. दादला भागोजी कवाच गेला. त्याच्या मागं तिनं एकटीनं नाचणी लावली, वरी लावली, दोन म्हशी सांबाळल्या. घर मातीचं, पण चौथरा काळ्या दगडाचा, भागोजीनं सोताच्या हातानं घडवलेला. चौकटीवर ग्रामपंचायतीनं ठोकलेली पत्र्याची पाटी, घर नंबर सत्तेचाळीस. साळूबायला अक्षर येत नाय, पण चार नि सात तिला वळकू येतात. म्हणते, चार म्हंजे गाठ मारलेली दोरी, नि सात म्हंजे कोयतीचं पातं.

तीन वरसांमागं एका पावसात वरची दरड सुटली. साळूबाय खाली खाचरात लावणीला गेलेली म्हणून वाचली. घर गेलं, गोठा गेला, म्हशी गेल्या. चौथरा तेवडा ऱ्हायला, नि चिखलात उलटी पडलेली ती पाटी. तिनं ती वहाळात धुतली, लुगड्याच्या फडक्यात बांदली, नि तवापासून पिशवीत घेऊन फिरते.

लेक दिलीय बिरवाडीला. कंपनीत जाणारी माणसं, भाड्याची एकच खोली, त्यात चार जणं. जावय चांगला हाय, म्हणाला, “मामी, ऱ्हावा.” साळूबाय म्हणाली, “लेकीच्या दारात दोन दिस पाव्हणी, तिसऱ्या दिसाला घरची भांडी घासणारी. मला नको.” ती स्टँडाच्या वळचणीला येऊन टेकली. तितनं तिचं लक्ष एकाच गोष्टीवर. वाडीच्या माणसांना सरकारकडनं नवी जागा मिळायची हाय. ज्याच्या नावावर घर नंबर त्यालाच. यादीत तिचं नाव हाय. फाईल कुटं हाय ते देवाला ठावं, पण नाव हाय.

मंग गेल्या थंडीत पालिकेची पोरगी आली, निशिगंधा नावाची. गळ्यात कारड, हातात वही. स्टँडावर निजणाऱ्या माणसांची मोजदाद करत व्हती. साळूबायफुडं उकिडवी बसली नि ग्वाड आवाजात इचारलं, “आजी, तुम्ही बेघर आहात का?”

साळूबायनं तराजू खाली ठेवला. “बेघर तुजी आत्या!”

पोरगी बिचारी हासली. तिला राग नाय आला, म्हणून तर पुढचं सगळं झालं. म्हणाली, “आत्याला ठाण्यात दोन खोल्यांचं घर आहे हो. तुम्ही येऊन बघा तरी. जुन्या शाळेच्या दोन खोल्या आहेत, खाटा आहेत, गरम पाणी आहे. पैसे नाहीत.”

“गरम पाणी तर सवच्या कुंडात जमिनीतनंच येतं,” साळूबाय म्हणाली. पण कंबर धरलेली व्हती. गेली.

आन खोटं कशाला बोलू, जागा बरी व्हती. धा खाटा, कांबळी, सांजला डाळभात. कुणी खेकसत नव्हतं. शेजारच्या खोलीत बापये. त्यात अब्बासभाय म्हणून एक म्हातारा, सगळा जल्म ट्रकवर काडलेला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून गाडी सुटली, नि गाडी सुटली तशी खोलीबी सुटली. साळूबायला पयल्याच सांजला म्हणाला, “बाय, हितली डाळ बगून घे. पाण्याला डाळीचा नुसता शेजार हाय.” दोगांचं जमलं.

आठ दिस झाले नि निशिगंधा कागद घेऊन आली. आंगठा लावा म्हणाली. नाव कायम व्हायचं तर लावायला लागतो.

“काय लिवलंय ते वाच आदी,” साळूबाय म्हणाली.

पोरीनं वाचलं. “मी बेघर असून माझ्या नावावर कोठेही घर अथवा जागा नाही, हे मी स्वखुशीने लिहून देत आहे.”

साळूबायनं पिशवी उघडली, फडकं सोडलं नि पाटी खाटेवर ठेवली.

“हे काय हाय?”

“घर नंबर सत्तेचाळीस,” पोरगी म्हणाली.

“मंग? मी सोताच्या खुशीनं लिवून देऊ की माजं घर नाय? उद्या तो कागद तिकडं यादीवाल्याच्या हातात पडला तर तो काय म्हणंल? म्हातारीनं आंगठा देऊन सांगितलंय, खोडा हिचं नाव. एका खाटेसाटी मी भागोजीचा चौथरा इकू?”

निशिगंधानं समजावलं. आजी, हा नमुना वरून आलाय, छापीलच आहे, तो कागद तिकडे कोण नेतंय. पण “जाणार नाय असं तू लिवून देतेस काय?” म्हटल्यावर तिनं कागद बाजूला ठेवला. शेवटी म्हणाली, “सोमवारी साहेब तपासणीला येणार आहेत. तोपर्यंत आंगठा नसेल तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही, आजी. माझ्या हातात नाही.”

“आंगठा माज्या हातात हाय,” साळूबाय म्हणाली.

दुसरी कुणी असती तर गुमान पिशवी उचलून स्टँडावर गेली असती. ही म्हणाली, जाईन ती सायबाचं तोंड बगून जाईन. आन तिचा डोळा दारावरच्या बोर्डावर पडला. अब्बासभायला इचारलं, “त्यावर काय लिवलंय?”

“बेघर निवारा केंद्र, असं सगळी म्हणतात.”

“त्यातला ‘बे’ गेला तर काय ऱ्हायलं?”

“घर.”

“मंग ‘बे’ कुटं हाय ते दाखवा.”

“कुटं म्हंजे काय? पयलंच अक्षर.”

रविवारी दुपारी सगळी जेवून लवंडली. साळूबायनं आपल्या तंबाखूच्या डबीतला चुना घेतला, पुरला नाय म्हणून पानवाल्याकडनं वाटीभर आणला. स्टुलावर चडली. अब्बासभाय खालनं स्टूल धरून हुबा. आता मज्जा आयक. अब्बासभाय ल्हानपणी मदरशात उर्दू शिकलेला, उजवीकडनं डावीकडं वाचतात ती. मराठी अक्षराशी त्याची वळख नाय, नि डोळे तसले. त्यानं आपल्या हिशेबानं पयलं अक्षर दाखवलं, म्हंजे उजव्या हाताचं! साळूबायनं चुना असा फासला, असा फासला, की आख्खा शेवटचा शबुद पांडरा करून खाली उतरली.

सोमवारी सकाळी निशिगंधा आली नि बोर्डाखाली डोक्याला हात लावून हुबी. “आजी! तुम्ही ‘केंद्र’ पुसलंत. ‘बेघर’ आहे तसाच आहे. उलट आता जास्तच दिसतोय!”

साळूबायनं अब्बासभायकडं बगितलं. “अवो, ट्रकबी असाच चालवत व्हता काय? गोव्याला निगायचं नि पनवेलला पोचायचं?”

“तरी म्हटलं गोव्यात समुद्र कसा दिसत नाय,” अब्बासभाय म्हणाला.

हासून हासून त्यांचं पोट दुखतंय तवर सायबाची गाडी दारात. सायेब उतरला, बोर्ड बगितला. “हे कोणी केलं?”

कुणाचं नाव लागायच्या आदी साळूबाय फुडं झाली. “म्या केलं. चुकलं. मला ‘बे’ पुसायचा व्हता.”

“सरकारी बोर्ड आहे हा, आजी.”

“बोर्ड सरकारी हाय, शिवी मला हाय.” तिनं पाटी त्याच्या फुडं धरली. “हे वाचा.”

सायबानं वाचलं. मंग जरा चिडूनच म्हणाला, “घर आहे तर इथे का राहता? तिकडे जा.”

“चार भिंती नि वर छपराचं आडं घालून द्या, आत्ता जाते. तुमच्या गाडीची वाटबी बगणार नाय, चालत जाते. माजं घर पडलंय, सायेब. पडलेला माणूस असतो, त्याला तुमी मेला म्हणून लिवता काय?”

“आजी, सगळीकडे हाच नमुना आहे. सगळ्यांनी आंगठे दिलेत.”

“सगळीकडं साळूबाय नाय.”

तवा मागनं अब्बासभाय चाचपडत आला. “सायेब, माजाबी आंगठा परत द्या. माजं घर नव्हतं ते खरं, पण मी ते खुशीनं लिवून दिलं नव्हतं. मला वाचूनच कुणी दाखवलं नाय.” त्याच्या मागं अजून एक बाई हुबी ऱ्हायली. मंग अजून एक बापय. सायबाबरबर आलेला फोटोवाला कॅमेरा गळ्यात धरून नुसता बगत बसला.

सायेब म्हणाला, “मला वरती विचारावं लागेल.” पण निशिगंधानं वरती इचारलं नाय. तिनं तितंच, सायबाच्या फुडं, टेबलावर कागद ठेवला नि पेनानं ती आख्खी वळ खोडली. वर आपल्या हातानं लिवलं: ‘घर दरडीत पडले आहे. घर नंबर सत्तेचाळीस. घर उभे राहीपर्यंत मुक्काम.’ मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा. साळूबायनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं, नि मंगच शाईत आंगठा बुडवला. सायेब काय हो म्हणाला नाय, नाय म्हणाला नाय. च्या न पिता गेला.

तो कागद म्हयन्यानं परत आला, नमुन्यात नाही म्हणून. निशिगंधानं दुसरा घेतला, तीच वळ खोडली, तेच लिवलं. साळूबायनं परत आंगठा लावला. म्हणते, “शाई त्यांची संपंल, माजा आंगठा नाय.” आजून पुरता निकाल नाय लागलेला. पण खाट तिचीच हाय, नि पाटी खाटेच्या वर भिंतीला ठोकलीय. अब्बासभायला पाटी नाय, तर त्यानं खडूनं आपल्या जुन्या ट्रकचा नंबर लिवून घेतलाय. बोर्डावरचा चुना कुणी पुसला नाय, नि ‘बे’ बी तितंच हाय. साळूबाय रोज जाता-येता त्याच्याकडं बगते. आता कंचं अक्षर ते तिला पक्कं ठावं झालंय, एवडंच सांगते.

आन आता हे शेवटचं नीट लिव, मोट्या अक्षरात. जो कोण हे वाचंल नि कुडपणाच्या बाजूला जाईल, त्यानं खालच्या वाडीत गणूला गाठायचं. साळूबायचा शेजारी तो. गेल्या दोन सालांत तिचा चौथरा मोकळा बगून त्यानं त्यावर पेंढ्याची उडवी रचलीय. त्याला सांगा, साळूबायचा निरोप हाय: उडवी काड, रानमोडी उपट, चौथरा झाडून ठेव. घर नंबर सत्तेचाळीस रिकामं नाय, घरधनीन मुक्कामाला गेलीय.