औंदा येईल

फाट्यावर एसटी यायला अजून वेळ होता. आप्पांनी माझी ट्रंक मैलाच्या दगडावर टेकवली आणि बंडीच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला होता आणि गुळाचा खडा.

"पाडव्याला गावाकडं येणं झालं न्हाई तर तिथंच खा," ते म्हणाले. "आन् खायच्या आधी बोल. कुणी नसलं तर भिंतीला बोल."

पाडव्याला अजून सात-आठ महिने होते. श्रावण चालू होता. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नुकताच झाला होता, आमचा उदगीर तालुका त्यात गेला होता आणि नव्या कचेरीत मला कारकुनाची नेमणूक मिळाली होती. निरोप द्यायला आलेले लोक म्हणत होते, "जिल्हा तर तूच घेऊन चाललास की रं." गाडी सुटताना आप्पा खिडकीपाशी आले.

"काही राहिलंय का?"

वळकटी होती, डबा होता, नेमणुकीचा कागद होता. मी म्हणालो, "न्हाई." आप्पांनी मान हलवली आणि ते मागं सरले. ते सामानाचं विचारत नव्हते, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

माझ्या भावंडांना हे सांगायला नको. पण आमच्यासारखे जे गाव सोडून पांगले, त्यांच्यासाठी आमच्या घरची रीत सांगतो. पाडव्याला सगळीकडे कडुलिंब खातात. आमच्याकडे तो तोंडात धरून ठेवायचा. गुढीपुढे पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं, गेल्या साली आपल्या हातून काय चुकलं ते सगळ्यांसमोर बोलायचं, मग नव्या सालाचा नेम बोलायचा. हे होईस्तोवर पाला तोंडातच. नंतर आप्पा प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवायचे. त्यांच्या लेखी तीच पूजा होती. माय म्हणायची, "देव नैवेद्याला भुलतोय, कडू तोंडाला भुलत न्हाई." लहानपणी आमच्या चुका साध्या असायच्या. भाकरी चोरली, म्हशीला दगड मारला. बोलून टाकायचं आणि गुळासाठी हात पुढं करायचा.

मग दुष्काळाचं ते साल आलं. मी अठराचा होतो. गावातल्या विहिरी एकेक करून आटल्या. बौद्धवाड्याचा आड तर कधीच कोरडा पडला होता. आमच्या मळ्यातल्या विहिरीत तेवढा एक झरा जिवंत होता. घटकाभर थांबलं की दोन-चार पोहरे पाणी साचायचं. तोवर आमच्याकडे रिवाज असा होता की वाड्यावरच्या बायांनी घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं आणि आमच्यापैकी कुणीतरी वरून पाणी ओतायचं. त्या पाडव्याला आप्पांनी कडुलिंब तोंडात धरला आणि बोलले, "विहिरीचं लई चुकत आलंय आपलं. औंदापासून ज्याची घागर, दोर त्याच्याच हातात." भावकी आठ दिवस धुमसत राहिली. मायला घेऊन आप्पा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात आणि विहीर माझ्या हवाली करून जात.

वैशाखातल्या एका सकाळी गयाबाई पाणी शेंदत होती. नवीन लग्न होऊन वाड्यावर आलेली, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. विहिरीच्या कडेला चुलतचुलते किसनतात्या आणखी दोघांना घेऊन बसले होते.

"काय रे," तात्या म्हणाले, "आता विहिरीचा मालक कोण हाय? तू का ती?"

दुसरा हसला. "त्याला कशाला इचारता तात्या? तो तिची पाळी राखून राहिला."

तिघंही हसले. मी उठलो आणि गयाबाईच्या हातातून दोर ओढून घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "लांब हो! घागर ठेव आन् लांब उभी राहा! वरून ओततो!"

ती माझ्याकडं बघत राहिली. घागरीत अर्धं पाणी होतं, तिनंच शेंदलेलं. ते तिनं सावकाश परत विहिरीत ओतलं, घागर उपडी करून काखेत मारली आणि निघून गेली.

त्यानंतर वाड्यावरचं कुणीही आमच्या विहिरीवर आलं नाही. उन्हाळा संपेपर्यंत त्या बाया दोन कोसांवरच्या नदीच्या वाळूत झिरे खणून पाणी आणत होत्या. बांधावरून त्यांची रांग जाताना दिसायची. मी पाठ फिरवून बसायचो.

चार दिवसांनी आप्पांनी विचारलं, "वाड्यावरचं कुणी दिसंना झालंय?"

"त्यांच्या आडाला पाणी लागलं म्हणं," मी म्हणालो.

"बरं झालं," आप्पा म्हणाले. त्यांना खरोखरच आनंद झाला होता. तो चेहरा मला आजही बघवत नाही.

पुढच्या पाडव्याला कडुलिंब तोंडात घेऊन मी गुढीपुढे उभा राहिलो. आप्पांनी विचारलं, "काही राहिलंय का?" मी मान हलवली, पाला गिळून टाकला आणि हात पुढं केला. त्यांनी गूळ ठेवला, पण जरा थांबून. तिथून पुढे दर पाडव्याला तेच झालं. ते विचारायचे, मी गिळायचो, ते थांबायचे.

लातूरला भाड्याच्या खोलीत मी पुडी सोडली, भिंतीकडं तोंड केलं आणि तिलाही काही बोलू शकलो नाही. पुढं बदली होऊन नांदेडला आलो. आता फ्लॅट आहे, गॅलरीत पाण्याची टाकी आहे, गुढी स्टीलच्या रेलिंगला बांधतो. पोरं कडुलिंब मिक्सरमधून काढून चमच्यानं घेतात आणि मोबाइलवर शुभेच्छा पाठवतात. नोकरीची बरीच वर्षं माझी टंचाईच्या टेबलावर गेली. टँकरचा प्रस्ताव माझ्याकडे दुसऱ्या दिवसापर्यंत कधी पडून राहिला नाही. लोक म्हणायचे, साहेबांना पाण्याची लई कळकळ. हे ऐकलं की जिभेवर पाला यायचा.

मागच्या साली आप्पा गेले. दहाव्याच्या दिवशी ओसरीवर भावकी बसली होती. किसनतात्याही होते, पार वाकलेले. गयाबाई आल्या. अंगणातच थांबून "जयभीम" म्हणाल्या. मी खाली उतरलो.

"तुमचे वडील दर पाडव्याला आमच्या दाराला यायचे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमाला ठावं न्हाई?"

मला माहीत नव्हतं.

"त्याच उन्हाळ्यात आमच्या आडात त्यांनी सोता वाकून बघितलं, कोरडा ठणठणीत. मग इचारलं, मी सांगितलं. म्हणाले, माफी मी मागणार न्हाई, ज्यानं दोर वढला त्यानं मागावी. औंदा येईल. दुसऱ्या साली परत आले. औंदा येईल. तीस वर्सं एकच बोल. औंदा म्हातारा न्हाई येणार, म्हणून मीच आले."

म्हणजे मी गूळ खाऊन शेताकडं वळायचो आणि आप्पा वाड्याकडं जायचे. तेवढं सांगून गयाबाई थांबल्या. माफीचं वाक्य मला पाठ होतं. ओसरीवरून किसनतात्यांचे तेच डोळे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले आणि म्हणालो, "चहा घेऊन जावा." त्या निघून गेल्या.

या पाडव्याला नांदेडहून पहिली गाडी धरली. फाट्यावर उतरलो, कडुलिंबाची डहाळी तोडली आणि पाला तोंडात धरून चालत निघालो. घराकडं वळलो नाही. गयाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. शेजारी नात पुस्तक घेऊन बसली होती. मी उभा राहिलो आणि बोललो. दोर मी ओढला. लांब हो मी म्हणालो. आप्पांशी खोटं मी बोललो. माझं चुकलं.

त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"मोठ्यानं बोला, दादा," त्या म्हणाल्या. "तवा मोठ्यानं बोलला व्हता."

आजूबाजूच्या दारांतून माणसं बाहेर आली होती. मी पुन्हा बोललो, मोठ्यानं, शेवटपर्यंत. नातीनं पुस्तक मिटलं. गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"लई उशीर केलासा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदळातले खडे वेचायला लागल्या.

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मी विचारलंही नाही. औंदाचा माझा नेम एवढाच की दर पाडव्याला त्या दाराशी जायचं आणि हेच बोलायचं, त्या नको म्हणेपर्यंत. घर कुठं, असं कुणी विचारलं की मी आता गावाचं नाव सांगतो. वीस-पंचवीस वर्षं नुसतं "नांदेड" म्हणत होतो.

गुळाचा खडा आणला होता. तो खिशातच आहे. तो हातावर ठेवणारा माणूस आता नाही, आणि आपला आपण घ्यायची आमच्यात रीत नाही.