घरची गळती शोधणारं अ‍ॅप

हसायचं तं आताच हसून घ्या बाप्पा, कारण शेवटाले मले काही हसू आलं नव्हतं. मी बी.कॉम. झालेली बाई. अन् माह्या हुशारीची ही गोष्ट आर्णीच्या अर्ध्या बँकेनं उभ्यानं पाह्यली आहे, मंग तुमच्यापासून कायले लपवू?

त्या साली बोंडअळीनं सारं धुऊन नेलतं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी. दरसाल खोलीभर कापूस यायचा, तिथं कोपराभर आला, तोही पिवळा. पुढच्या दसऱ्यापर्यंत घर त्यावरच रेटायचं होतं.

आत्याबाई, म्हणजे माह्या सासूबाई, मले म्हणाल्या, "तू हिशेबाचं शिकली न वं? मंग औंदा घर तू चालव. पैसा जाते कुठं, थेच समजून नाही राह्यलं."

झालं! मले हुरूपच आला. घरात मोठा फोन एकच, मामाजीचा, म्हणजे सासऱ्यांचा. मागितला, तं एक शब्द न विचारता त्यांनी हातात देल्ला. अन् मी घरखर्चाचं अ‍ॅप निवडाले बसली.

पहिल्यानं विचारलं, तुमचा पगार कोणत्या तारखेला होतो? आता याले काय सांगू? कापसाच्या घरचा पगार दसऱ्यानंतर होते, अन् तोही अळीनं सुट्टी देल्ली तं! तारीख टाकल्याबिगर ते पुढं सरकेना. काढून टाकलं.

दुसऱ्यात खर्चाची खाती तयारच होती. सिनेमा, हॉटेल, जिम, पाळीव प्राणी. बैलाची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, कुठं टाकू? टाकली पाळीव प्राण्यात. आठ दिवसांनी त्यानं मले सल्ला देल्ला, हौसेच्या प्राण्यांवरचा खर्च कमी करा! मामाजीले वाचून दाखवलं. ते गोठ्याकडं पाहून हळूच म्हणाले, "ढवळ्याले सांगू नको वं, जीवाले लावून घेईन."

तिसरं मात्र मनात भरलं. त्यात काही लिहायचं कामच नाही. बँकेचे मेसेज ते आपणच वाचते अन् खर्च मांडते. आमच्या घरी ते इंग्रजी मेसेज कधी कोणी उघडतच नव्हतं. मी बटन दाबलं, अन् पडद्यावर चार लाल ओळी आल्या. दर महिन्याच्या पाच तारखेले दोन हजार रुपये कोणाच्या तरी खात्यात गेलते. नाव नाही, नुसते खात्याचे शेवटचे चार आकडे.

"आत्याबाई, गळती सापडली!" मी ओरडलीच.

"कोनाले जाते पैसा?"

"नाव नाही दाखवत. पण तारीख एकदाही चुकली नाही. नेम आहे नेम!"

आत्याबाईच्या हातातलं सूप तसंच थांबलं. "औंदा मिशीले कलप लावते तुहा सासरा," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, लोकायच्या लग्नात जाच लागते म्हनून लावत असंन."

तिथंच तोंड आवरायला पाहिजे होतं की नाही? पण नाही! मी म्हणलं, "आत्याबाई, पुरावा आहे हा."

दुपारी आत्याबाईनं मामाजीपुढं ताट आदळलं. "काहून वं, बरं नाही का?" त्यांनी विचारलं.

"ज्याले बरं चाललं त्याले इचारा!"

बिचारे कोरडीच भाकर खाऊन वावरात गेले. तीस-पस्तीस वर्षांचा संसार त्यांचा, मी कधी मोठा आवाज ऐकला नव्हता. अन् तो संसार मी एका दुपारी मोडाले बसलती. पण तवा मले फक्त दोन हजार दिसत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बँकेत. खातं मामाजी-आत्याबाई दोघांच्या नावावर होतं, म्हणून आत्याबाईचा अंगठा चालत होता. बाबू म्हणाला, "नाव पासबुकात येईल. मशीन अडकली आहे, थांबा जरा."

"नाव मंग पाहू," मी म्हणलं. "पहिले पैसे थांबवा."

मोत्यासारख्या अक्षरात अर्ज लिहिला, दर महिन्याचे पैसे तात्काळ बंद करावे म्हणून. आत्याबाईनं अंगठा देल्ला. बाबूनं शिक्का मारला. मले वाटलं, घर वाचवलं आपण!

मंग पासबुक छापून आलं.

"वाच," आत्याबाई म्हणाल्या. मागची सारी लाईन कान देऊन उभी.

मी वाचलं. मनातल्या मनात. दोनदा.

"वाच न वं! तोंड काहून शिवलं तुहं? कोन हाय थे भवानी?"

"आत्याबाई... माही माय आहे."

बाबूनं मामाजीचा जुना अर्ज काढून दाखवला. त्यांच्याच हातचं लिहिलं होतं, ढाणकीचे शेत मक्त्याने घेतल्याबद्दल. ढाणकी म्हणजे माहं माहेर, अन् मक्ता म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याचं वावर कसाले घेणं.

दिवाळीत मायचा फोन आलता. "वावर मक्त्यानं देल्लं, एकरकमी नाही, महिन्यावारी पैसे येते, माही काळजी नको करू." मी म्हणलं, बरं झालं. कोणाले देल्लं, हे विचारलंही नाही! अळीनं खाल्लेलं वावर त्या साली कोणता शहाणा मक्त्यानं घेईन? मामाजीनं त्यातलं एक ढेकूळही उलथलं नव्हतं. बाप गेल्यापासून माय एकटी. लेकीच्या घरचं पाणीही न पिणारी बाई, पैसे कशी घेईन? म्हणून त्यांनी मक्त्याचं नाव केलं. अन् मले सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तं त्या घरात माही मान खाली गेली असती. अन् मी तिच्या चुलीवर बँकेचा शिक्का मारून मोकळी झालती. मले तिथंच, खिडकीपाशी, रडू फुटलं.

आत्याबाई बाकावर बसल्या. मंग पदरानं डोळे पुसले. "मानसानं मले तरी सांगावं!" त्या म्हणाल्या. "अन् इहीनबाईले दोनच हजार? एवढा चिकटपना? रडतं काय वं, कागद घे. थो अर्ज रद्द कर. अन् दोनचे अडीच लिव."

मी लिहिलं. अक्षर आता मोत्यासारखं राह्यलं नव्हतं. बाबूनं वाचलं अन् कागद परत सरकवला.

"मॅडम, दहा मिनिटांपूर्वी बंद केलं, आता चालू करा म्हणता. कारण लिहा. कारणाबिगर साहेब सही नाही करत."

माहा पेन थांबला. काय लिहू? एवढ्या लोकांत मामाजीचं लिहू, की मायचं लिहू?

तवा बाकावरून, साऱ्या लाईनीले ऐकू जाईल असा, आत्याबाईचा आवाज आला, "लिव न वं, सून लय शिकेल हाय म्हनून!"

मी तेच लिहिलं. साहेबानं अर्ज वाचला, एकदा माह्याकडं पाह्यलं, अन् एक शब्द न विचारता सही करून देल्ली.