तिसरा पुकारा

हाक मारण्याआधी मामा चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवायचे. हाक मारून झाली की उजवा हात कानामागे धरून गप्प उभे राहायचे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा बहिरा आहे. बहिरे नव्हते. उत्तराची वाट पाहायचे.

"हाक मारली त ऐकावं बी लागते जी," असं ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे.

मामा कोर्टातले शिपाई. कामावर माणूस मेला किंवा हातपाय गमावून बसला, तर त्याच्या भरपाईचे दावे ज्या कोर्टात चालतात, तिथे पुकारा करणं हे त्यांचं काम. तुमच्यापैकी कुणी कोर्टाच्या व्हरांड्यात बसलं असेल तर माहीत असेल. दाव्यातल्या माणसाला तीन वेळा हाक मारतात. तिसऱ्या हाकेलाही माणूस आला नाही, तर न्यायाधीश साहेब दावा काढून टाकू शकतात. वकील त्यांना मामा म्हणायचे, साहेबही मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. खरं तर ते माझ्याच वयाचे असतील. माझं नाव त्यांनी कितीदा घेतलं त्याला मोजदाद नाही, आणि मी त्यांचं कधी विचारलंसुद्धा नाही.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, इमारतींना बाहेरून रंग द्यायचे. वारज्याच्या पुढे एका नव्या इमारतीला रंग चालू होता. सातव्या मजल्यावर, ज्यात उभं राहून रंग देतात त्या लोंबत्या पाळण्याचा दोर तुटला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. ठेकेदार दहाव्याला आला, चहा पिऊन गेला. पुढे मी भरपाईचा दावा लावला, तेव्हा त्याने लिहून दिलं की हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच, आम्ही त्याला ओळखत नाही.

"मग सातव्या मजल्यावर ते काय हवा खायला गेले होते?" मी माझ्या वकिलाला विचारलं. वकील तरुण होता, सरकारी मदतीतून फुकट मिळालेला. तो म्हणाला, "मावशी, कोर्टात असं बोलू नका. तुम्ही फक्त प्रत्येक तारखेला या."

तारखेला जाणं एवढंच माझ्या हातात होतं. तेव्हा मी सदाशिव पेठेत पाच घरी पोळ्या करत होते. तारीख असली की दोन घरं लवकर उरकायची, बाकी तीन घरची बोलणी खायची आणि कोर्टात जाऊन बाकावर बसायचं.

पहिल्या तारखेला मामांनी कागदावर होतं तसंच दारातून ओरडून सांगितलं. मयत अमुक यांची विधवा अमुक. मला राग आला. मी उठून त्यांच्यापुढे गेले.

"मयत आणि विधवा, हे मला माहीत आहे. सगळ्या व्हरांड्याला कशाला सांगता?"

त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. "कागदावर तसं हाय, बाई."

"कागद तुम्ही वाचा. मला नावाने हाक मारा."

पुढच्या तारखेपासून त्यांनी तसंच केलं. सुमन किसन आणि पुढे आडनाव. बाईच्या नावात नवरा मधे असतो, ते तुम्हाला सांगायला नको. मी नवऱ्याचं नाव न घेणारी बाई नव्हते. भांडण झालं की घ्यायचे. पण भांडायला माणूस राहिला नाही, तसं ते नाव घरात निघेनासं झालं. महिन्या-दोन महिन्यांनी हा यवतमाळकडचा माणूस ते खणखणीत आवाजात घ्यायचा. कधीकधी मी पहिल्या हाकेला ओ देत नसे.

चार-पाच तारखांनंतर मामा माझ्या बाकापाशी आले आणि हळूच म्हणाले, "बाई, तुमी पयल्याच हाकेला ऐकता. मले माहीत हाय."

त्यानंतर मी समोर बसलेली दिसत असले तरी ते दोनदा हाक मारायचे. दुसरी जरा सावकाश.

पुणेकरांबद्दल त्यांची एक तक्रार होती. इथले लोक हाकेला ओ देत नाहीत, आधी कोण बोलावतंय ते पाहतात आणि मग ठरवतात, असं ते म्हणायचे. आमच्या ठेकेदाराने एकदा तसंच केलं. त्याचं नाव पुकारलं तर पायावर पाय टाकून बसल्या बसल्या त्याने एक बोट वर केलं. मामांचा हात कानामागेच. पुन्हा पुकारा केला. ठेकेदार म्हणाला, समोर बसलोय, दिसत नाही का? मामा म्हणाले, "दिसते जी. ऐकू नाही आलं." तिसऱ्या हाकेला त्याला उभं राहून "हजर" म्हणावं लागलं. त्या दिवशी घरी जाऊन मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या वर्षी मला ताप होता म्हणून एक तारीख चुकली आणि साहेबांनी दावा काढून टाकला. वकिलाने अर्ज करून तो पुन्हा लावून घेतला. साहेबांनी बजावलं, ही शेवटची संधी. पुढच्या तारखेला माझी साक्ष ठरली.

त्या दिवशी मी एकाही घरी कामाला गेले नाही. सकाळी नऊलाच वारज्यात घराजवळ बस धरली. ती कर्वे रोडवर जी थांबली ती हलेचना. पुढे रस्ता खोदला होता. रिक्षाही अडकलेल्या. मी उतरले आणि चालायला लागले. गुडघे तेव्हाही असेच दुखायचे. वकिलाला फोन लावला, तर त्याचा बंद. साडेअकरा वाजून गेले तेव्हा मनात म्हटलं, गेला दावा. आता सातव्या मजल्यावरून पडलेला माणूस कुणाचाच नव्हता, असं कायमचं लिहिलं जाणार. तरी चालत राहिले. वळून घरी जाऊन तरी काय करणार होते?

कोर्टाचं फाटक दिसायला लागलं आणि मला माझं नाव ऐकू आलं. मालकांच्या नावासकट. मामा फाटकाबाहेर फुटपाथवर उभे होते. चष्मा खिशात, हात कानामागे. चहाच्या गाडीपाशी उभे असलेले लोक त्यांना हसत होते.

"ओ," मी म्हणाले. मोठ्याने म्हणायला दम नव्हता. तरी त्यांना ऐकू गेलं.

त्यांनी हात खाली घेतला. "आता पळू नका. हळू या. आलात म्हणजे झालं."

वर काय झालं ते नंतर वकिलाने सांगितलं. मामांनी पहिला पुकारा दारात केला, दुसरा व्हरांड्याच्या कठड्यापाशी. तिसरा जिन्यात सुरू केला आणि हाका मारत मारत खाली उतरले. ठेकेदाराचा वकील केव्हाचा उठून म्हणत होता, पुकारे झाले, बाई नाही, दावा काढून टाका. आम्ही दोघं दारात पोचलो तेव्हाही तो उभाच होता.

साहेबांनी विचारलं, "मामा, तिसरा पुकारा कधीच झाला ना?"

"नाही साहेब. चालू होता. आता ओ आली, आता झाला."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग धुळीने भरलेले माझे पाय पाहिले. म्हणाले, घ्या साक्ष.

ठेकेदाराच्या वकिलाने मला विचारलं, माझ्या अशिलाला तुम्ही कशावरून ओळखता? मी म्हणाले, आवाजावरून. रोज सकाळी सहाला यांचा फोन यायचा. मालक अंघोळीला असायचे म्हणून मी उचलायचे. हे म्हणायचे, "किसनला पाठवा, गाडी नाक्यावर उभी आहे." रोज नाव घेऊन बोलावत होते आणि आता म्हणतात ओळखत नाही. मालकांचा तो फोन माझ्या वकिलाने आधीच कोर्टात दिला होता. ते पडले त्या सकाळी सहाला आलेला फोनही त्यात दिसत होता. ठेकेदाराने त्या दिवशी पायावर पाय टाकला नाही.

दावा मंजूर झाला. पैसे आधी कोर्टात भरले गेले, तिथून माझ्या नावावर बँकेत आले. किती ते सांगत नाही. सांगितलं की भाचे भेटायला येतात. पण त्यातून घरावर नवे पत्रे पडले आणि पाचातली तीन घरं मी सोडली. पैशांपेक्षाही मला एक गोष्ट महत्त्वाची वाटली. मालक त्या कामावर होते, हे निकालात लिहून आलं. तेवढी ओळ मी स्वतः वाचली. चौथी शिकले आहे, तेवढं येतं.

निकालाची प्रत मिळाली त्या दिवशी मी मामांसाठी डबा नेला. ते म्हणाले, सरकारी माणसाला काही देत नसतात. मी म्हणाले, लाच नाही, पोळ्या आहेत. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "पोळ्या चालत असतीन कायद्यात," म्हणाले आणि व्हरांड्यात बसून चार खाल्ल्या.

मी विचारलं, तुमचं काम दारातून ओरडायचं. रस्त्यावर कशाला आलात?

त्यांनी घास गिळला. मग म्हणाले, "लई वर्सं झाली. एक बाई खाली नळावर पाणी पीत होती. म्या तीनदा हाक मारली अन् आत जाऊन बसलो. ती वर आली तवा दावा गेला होता तिचा." त्यांनी डबा धुऊन परत दिला.

मी त्यांचे आभार मानले नाहीत. तोंडाने मानायची मला सवय नाही. आता लिहून मानते आहे.

मागच्या महिन्यात मी पुन्हा त्या कोर्टात गेले. आमच्या गल्लीतल्या रेखाचा नवरा खडकीकडे एका वर्कशॉपमध्ये लोखंडाखाली सापडून गेला. तिची पहिलीच तारीख, म्हणून सोबत गेले. मामा दिसले नाहीत. नव्या शिपायाला विचारलं, तर म्हणाला, ते होय, रिटायर होऊन गावी गेले होते, मागच्या दिवाळीत वारले. मी बाकावर बसून राहिले.

रेखा कागदाची झेरॉक्स काढायला खाली गेली आणि नेमका तिचा पुकारा झाला. नव्या शिपायाने दारातून मान बाहेर काढून एका दमात तीनदा नाव घेतलं आणि वळला.

"थांबा," मी म्हणाले. "बाई खाली आहे."

"आजी, बोर्डावर पण येतं नाव. पाहायला नको का?"

मी उठले. कठड्यापाशी गेले. चष्मा काढून पिशवीत टाकला. रेखा संतोष आणि पुढे आडनाव, असं पूर्ण नाव घेऊन हाक मारली. व्हरांड्यातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. खालून काही आलं नाही. मी जिना उतरायला लागले. मधल्या वळणावर पुन्हा हाक मारली आणि कानामागे हात धरून उभी राहिले.

खालून "ओ" आली.

मी वर वळून त्या शिपायाला म्हणाले, "हजर आहे. साहेबांना सांगा."