साडेबावीस इंच

गाडी दुकानासमोर थांबली की बाकीचे लोक तिचं रंगरूप बघतात. मास्टर आधी सीट बघतात. फोम कुठे बसलाय, शिवण कुठे तटतटली आहे, मालक ताठ बसतो की एका कुशीवर रेलून, हे त्यांना दार उघडल्या उघडल्या कळतं. सव्वीस वर्षं ते गाड्यांची सीट कव्हरं शिवतायत. घराच्या पुढच्याच खोलीत दुकान, जाड सुयांची दोन मशीनं, भिंतीला टेकवलेले रेक्झिनचे गुंडाळे आणि गळ्यात कायम मापाची टेप. ती टेप मास्टर फक्त अंघोळीला जाताना काढतात असं त्यांची बायको सांगते, आणि त्याबद्दलही आपली खात्री नाही म्हणते.

त्यांचं नाव झालं ते एका खास कव्हरामुळे. चौकटीचौकटीची शिवण, कडेने जाड गोट आणि कापड जरासं खरखरीत. "वळणावर गाडी कितीही कलली तरी बसणारा जागचा हलणार नाही," असं ते गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचे, आणि ते खरंही होतं. लांबलांबून लोक ते कव्हर शिवून घ्यायला यायचे. एवढं असून त्यांच्या स्वतःच्या दारात मात्र स्कूटर होती. तिच्या सीटलाही गोट होता, हा भाग वेगळा.

यंदा गाडी घ्यायचीच असं ठरलं, तेव्हा कुठली घ्यायची हा प्रश्न घरात कुणाला पडलाच नाही. एसयूव्ही! दुसरं काय? बायकोचा धाकटा भाऊ आधीच तसली गाडी बाळगून होता. तिच्यातून तो असा उतरायचा, की जणू खाली जमलेल्या जनतेला आता चार शब्द ऐकवणार आहे. मास्टर त्याला 'सरकार' म्हणायचे. तोंडावरसुद्धा. त्याला ते आवडायचं.

"भाऊजी, तुमच्या धंद्याला शोभेल अशी घ्या," सरकार म्हणाले. "लोक तुमची गाडी बघून तुमचं काम जोखणार. बिस्किटाचा डबा घेऊन फिरलात तर कोण येईल तुमच्याकडे?"

बायकोनेही री ओढली. "अहो, जन्मभर लोकांच्या गाड्या नटवल्या. एकदा आपणही जरा वरून बघू की सगळ्यांकडे!"

मास्टरांच्याही मनात तेच होतं, उगाच खोटं कशाला सांगा. रस्त्यावरून तसली गाडी गेली की त्यांची मान आपोआप वळायची. पण गाडी घ्यायची होती ती एका माणसासाठी, आणि ते माणूस आतल्या खोलीत पलंगावर बसून लसूण सोलत होतं.

मास्टरांची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तीस वर्षं तिने पायमशीनवर शाळेचे गणवेश शिवले आणि त्या मशीनने तिचा उजवा गुडघा खाल्ला. मास्टरांच्या हातात टेप पहिल्यांदा दिली ती तिनेच. "गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकून घे, पण माप अंगाचं घे," हे तिचं शिकवणं. तो गुडघा आता काटकोनात जेमतेम यायचा. काठी घेऊन ती घरभर फिरायची, दारापर्यंत जायची, पण गाडीत बसणं जमत नव्हतं. तिची थोरली बहीण तीन तासांच्या वाटेवर राहायची. दोघी रोज संध्याकाळी फोनवर भांडायच्या आणि दुसऱ्या दिवशी ते भांडण पुढे चालू करायच्या. प्रत्यक्ष भेटून तीन वर्षं झाली होती.

तीन वर्षांपूर्वी सरकारच तिला आपल्या गाडीतून बहिणीकडे घेऊन गेले होते. मन मोठं होतं त्यांचं, ते नाकारून चालणार नाही. पण गाडी उंच. म्हातारीचा पाय पायरीवर पोचेना. मग सरकारांनी एका बाजूने आणि शेजारच्या दुकानदाराने दुसऱ्या बाजूने काखेत हात घालून तिला वर चढवलं. रस्त्यावर माणसं थांबून बघत होती. कुणीतरी "सांभाळून, सांभाळून" म्हणत होतं. उतरताना पुन्हा तेच, आणि तेही बहिणीच्या दारात, बहिणीच्या डोळ्यांदेखत. घरी परतल्यावर आई एवढंच म्हणाली, "पोतं उचलतात तसं उचललं मला. आता मी कुठे येणार नाही." आणि ती खरोखरच कुठे गेली नाही. ना लग्नाला, ना बारशाला, ना बहिणीकडे. मास्टरांच्या काळजाला ते शब्द तेव्हापासून टोचत होते. आईला बहिणीकडे न्यायचं, आणि कुणाचा हात न लागता न्यायचं, यासाठी त्यांना गाडी हवी होती. बाकी सगळा शौक.

एका सकाळी आई अंघोळीला गेली असताना त्यांनी तिचा पलंग मापला. जमिनीपासून गादीच्या कडेपर्यंत, गादी हाताने दाबून. साडेबावीस इंच. या पलंगावरून आई कुणाचाही हात न धरता उठायची. स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून उठवत नसे, ते सोळा इंच. बाहेरच्या उंच बाकावर बसताच येत नसे, तो अठ्ठावीस. मास्टरांनी टेप गुंडाळली. त्यांचं गाडी निवडणं तिथेच अर्धं झालं होतं.

शोरूममध्ये जायच्या आधी त्यांनी आणखी एक उद्योग केला. रेक्झिनची जाड पट्टी उजव्या गुडघ्याला घट्ट बांधली, पाय आईच्याइतकाच वाकेल अशा बेताने. बायकोने कपाळावर हात मारून घेतला, पण सोबत आली. चकचकीत फरशीवर मास्टर एक पाय ओढत शिरले, तशी तिथली विक्रेती मुलगी धावत आली.

"सर, पायाला लागलंय का?"

"नाही. हा पाय माझा नाही, आईचा आहे."

मुलगी बायकोकडे बघू लागली. बायको भिंतीवरचं पोस्टर वाचू लागली.

पहिली गाडी एसयूव्हीच दाखवली. मास्टरांनी पट्टी सोडली आणि आधी स्टिअरिंगसमोर बसून घेतलं. काय सांगावं! समोरचा रस्ता आपल्या बापाचा वाटावा अशी ती बैठक होती. छाती आपोआप रुंद झाली. बायको शेजारच्या सीटवर चढून बसली आणि इतकी सुंदर हसली, की मास्टरांना उतरावंसंच वाटेना. मग त्यांनी उतरून निमूटपणे पट्टी पुन्हा बांधली, बायकोला खाली उतरवलं आणि तिच्या बाजूने चढायला गेले. एकोणतीस इंच. पहिल्या खेपेला पाय घसरला, दुसऱ्या खेपेला ते मागे कोलमडले ते थेट त्या विक्रेत्या मुलीच्या हातात.

"बघितलंस?" ते बायकोला म्हणाले. "मलाच उचलावं लागलं."

त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात मिळून त्यांनी अकरा गाड्या मापल्या. काही इतक्या खाली, की बसलेला माणूस उठताना देवाचं नाव घेईल. काहींची दारं अर्धीच उघडायची. बाराव्या गाडीजवळ त्यांनी टेप लावली, सीट तळव्याने दाबली, पुन्हा लावली. तेवीस. दार रुंद, छप्पर उंच, उंबरा जवळजवळ नाहीच. ते पाठ फिरवून सीटवर टेकले, बांधलेला पाय आत घेतला, बाहेर काढला आणि हात न टेकता उभे राहिले. मग आणखी चार वेळा तेच केलं. दिसायला गाडी खरंच बिस्किटाच्या डब्यासारखी होती.

बायकोने पुढच्या सीटवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आईंना पुढे बसवू. मी मागे बसेन." आपली हौस तिने त्या एका वाक्यात मिटवून टाकली. मास्टरांना तिचा इतका अभिमान वाटला, की त्यांनी तिला त्याच दिवशी नवी छत्री घेऊन दिली. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

गाडी घरी आली आणि आमच्या मास्टरांचं डोकं फिरलं. साधी तर साधी, पण आतून अशी नटवतो की सरकारांनी तोंडात बोट घालावं! तीन दिवस दुकान बंद. गडद लाल कापड, चौकटीची शिवण, दुहेरी गोट. एकही सुरकुती राहू नये म्हणून शेवटची कड त्यांनी सीटवरच हाताने टाचून घेतली. कव्हर असं बसलं, की गाडी कारखान्यातून तशीच आली असावी असं वाटावं. मास्टर तासभर नुसते दार उघडझाप करत उभे होते.

रविवारी सकाळी निघायचं ठरलं. सरकार आपली गाडी घेऊन निरोप द्यायला हजर. आई काठी टेकत बाहेर आली. तीन वर्षांनी ती चपला घालून फाटकाबाहेर पडत होती. गाडीला पाठ करून उभी राहिली, मागे चाचपलं आणि बसली. पलंगावर बसावी तशी! मास्टरांचा जीव भांड्यात पडला. आता फक्त वळून पाय आत घ्यायचे.

पण ती वळेना. खरखरीत कापडाने तिचे कपडे धरून ठेवले होते, गोटाने मांडी अडवली होती. जागचा हलू देणार नाही असं जे मास्टर सव्वीस वर्षं सांगत आले, ते कव्हराने त्यांच्या आईवर खरं करून दाखवलं. तिने एकदा जोर केला, दोनदा केला. तिसऱ्या वेळी तोंड वेदनेने आवळलं.

"थांबा आई, मी उचलतो," म्हणत सरकार बाह्या सारून पुढे झाले.

आईचा चेहरा उतरला. तिने काठीकडे हात नेला, परत घरात जायला. मास्टरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हात लावू नकोस!" ते इतक्या जोरात ओरडले, की सरकार आयुष्यात पहिल्यांदा एक पाऊल मागे सरले.

आईने मात्र कव्हरावरून बोट फिरवलं. तीस वर्षं कापड ओळखलेलं बोट ते. "माप बरोबर घेतलंस रे," ती म्हणाली. "कापड चुकलं."

मास्टर दुकानात गेले आणि टाके उसवायची छोटी सुरी घेऊन आले. बायकोने उशा घालून उंच केलेली खुर्ची आणली, आई तिच्यावर बसली आणि तिच्यासमोरच त्यांनी आपलं कव्हर उसवायला घेतलं. तीन दिवसांचं काम दहा मिनिटांत चिंध्या होऊन फुटपाथवर पडलं. सरकार "अहो भाऊजी, अहो भाऊजी" करत राहिले. मग मास्टरांनी काढलं ते गुळगुळीत काळं रेक्झिन, जे ते टॅक्सीवाल्यांना द्यायचे आणि देताना नाक मुरडायचे. गोट नाही, चौकट नाही, काही नाही. कडा सीटखाली खोचल्या आणि बाजूला झाले.

आई उठली, मागे टेकली, बसली. दाराचा दांडा धरला आणि एका दमात वळली. दोन्ही पाय आत.

"बघताय काय सगळे?" ती म्हणाली. "दार लावा."

तीन तासांची वाट तिने समोर बघत काढली. प्रत्येक वळणावर ती त्या रेक्झिनवरून जराशी घसरायची आणि हसायची. मागे बसलेल्या सुनेला ती बाहेरचं एकेक दाखवत होती.

मावशीच्या घरापुढे मास्टरांनी गाडी थांबवली आणि मुद्दाम उतरले नाहीत. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले, कारण हात मदतीला धावतील अशी त्यांना स्वतःचीच भीती होती. आईने दार उघडलं. पाय बाहेर घेतले. काठी टेकली आणि उभी राहिली. कपडे नीट केले, केसांवरून हात फिरवला आणि फाटकातून आत चालत गेली.

मावशी दारातल्या खुर्चीत बसली होती. तिचे डोळे आता अधू झाले होते. तिने आधी काठीचा आवाज ऐकला, मग बहिणीला ओळखलं आणि रडायलाच लागली.

"अगं, तू? कुणी आणलं गं तुला?"

"कुणी आणलं म्हणजे?" आई फणकारली. "माझी मी आले."

गाडीत मास्टरांनी ते ऐकलं. बायकोनेही ऐकलं आणि मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सव्वीस वर्षांत त्यांच्या कामाची एवढी तारीफ कुणी केली नव्हती. त्यांनी डोळे पुसले आणि शेजारच्या सीटवरचं रेक्झिन परतीसाठी नीट खोचून ठेवलं.